वाड्याचा दिवाणखाना : सरळ रेषा व महिरप

मराठी वाड्यातील बैठकीच्या दालनाची पारंपरिक रचना. सरळ तुळया, निमुळते खांब आणि वळणदार महिरपी यांच्या मेळातून ती घडते. पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात व आसपास ती भरास आली.

वाड्याचा सांगाडा काटकोनी असतो. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि दालन किती मोठे हे खणांतच सांगतात. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या आणि त्यांवर फळ्या असा हा कडीपाट. भार वाहतात ती ही सरळ लाकडे. महिरप काहीच पेलत नाही. कोरलेल्या फळ्या तुळईखाली दोन खांबांमध्ये बसवून तिचे पाकळीदार वळण साधलेले असते. दगडविटांच्या कमानीहून ती इथे वेगळी पडते. भाराची चिंता नसल्याने सुतार तिला हवी तेवढी पातळ आणि नाजूक करू शकतो. तरी तिला वरवरची नक्षी समजणे अन्यायाचे होईल. ती नसती तर दालनात नुसत्या चौकटींची रांग उरली असती.

सरळ आणि वक्र यांची खरी गाठ पडते ती सुरूच्या खांबात. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा हा खांब शाहजहानच्या काळातील मुघल वास्तूंत संगमरवरात व दगडात दिसतो. पुण्याच्या कारागिरांनी तो सागवानात उतरवला. त्याच्या उभ्या पन्हळी तुळईच्या सरळपणाशी नाते सांगतात, तर बुंध्याचा फुगवटा आणि माथ्याशी लोंबणारी केळफुले महिरपीशी.

बैठक जमिनीवर असे, हेही महत्त्वाचे. गाद्या, लोड, तक्के सगळे बुटके. त्यामुळे खांब पायथ्यापर्यंत मोकळा दिसे आणि खाली बसलेल्याच्या नजरेत महिरपींची अख्खी ओळ मावे. भिंतींतल्या कोनाड्यांनाही पुष्कळदा तोच पाकळीदार माथा दिलेला आढळतो.

शनिवारवाड्याच्या इमारती 1828 च्या आगीत जळाल्या. तेथील दरबाराचे दालन टॉमस डॅनियलने 1805 मध्ये पूर्ण केलेल्या, इंग्रज वकील मॅलेट आणि पेशवे यांच्या तहाच्या चित्रात पाहता येते. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातील विश्रामबागवाडा आणि वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा ही प्रत्यक्ष पाहण्याजोगी उदाहरणे होत.

हल्ली फ्लॅटच्या हॉलमध्ये प्लायवूडची एखादी महिरप बसवतात. ती बहुधा उसनी वाटते, कारण तिच्यामागे खणांची लय नसते. तीन-चार समान खण आखून, वरची आडवी रेषा उघडी ठेवून आणि सोफ्याऐवजी बुटकी बैठक मांडून केलेली महिरप लहान जागेतही शोभते.