एप्रिल महिना घाटाचा: पुस्तकं मोकळी आहेत, पण कोणाची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही यात घातल्या आहेत.

दर महिन्याला आपण एक विषय धरतो आणि त्यावरची कॉपीराइट संपलेली बोलती पुस्तकं सुचवतो. "ही निवड करता कशी?" असं बरेच जण विचारतात. पहिली चाळणी अगदी रुक्ष असते: लेखक कधी वारला? आपल्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांचे हक्क संपायला आले, तेव्हा १९९२मध्ये ती ६० झाली. साने गुरुजी गेले ११ जून १९५० रोजी, म्हणजे त्यांची पुस्तकं आपल्याकडे १ जानेवारी २०११पासून मोकळी.

अमेरिकेत हिशेब वेगळा. जुन्या पुस्तकांना तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. २००५मध्ये सुरू झालेलं लिब्रिव्हॉक्स त्याच हिशेबानं चालतं. जगभरचे लोक तिथे हौसेनं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ती रेकॉर्डिंगही सगळ्यांना मोकळी असतात. पण इंग्रजीच्या मानानं मराठी तिथे फारच थोडं. म्हणून मराठी पुस्तकांचे उतारे आपण इथेच, कर्जतला, गाद्या लावलेल्या खोलीत बसून वाचतो. मागून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज येतो, तो तेवढा सांभाळून घ्या.

आता एप्रिलचं. विषय ठरवायला डोकं खाजवावं लागलं नाही. बोरघाटातल्या रेल्वेचं उद्घाटन झालं ते २१ एप्रिल १८६३ला. आजही पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, आणि तेवढ्यात आपण वडा घेतो. त्या थांब्याचं कारण म्हणजे हा घाट: सुरू झाला तेव्हा सुमारे २४ किलोमीटरची चढण आणि २५ बोगदे होते.

मी यादी केली. पहिलं मारिया ग्रॅहमचं प्रवासाचं पुस्तक, १८१२चं. बाई १८०९मध्ये कार्ल्याची लेणी बघायला याच वाटेनं वर गेल्या होत्या. दुसरं बिशप हेबरचं. १८२५मध्ये ते पनवेलहून चौक, खोपोली करत पुण्याला गेले. खोपोलीचा नाना फडणविसांचा तलाव आणि देऊळ त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही. पुढच्याच वर्षी ते वारले आणि पुस्तक १८२८मध्ये निघालं. तिसरं जेम्स बर्कलीचं लेखन. जीआयपी रेल्वेचे हे मुख्य इंजिनिअर. घाट त्यांनी आखला, पण तो सुरू झालेला बघायला ते राहिले नाहीत, १८६२मध्ये गेले.

तिन्ही मोकळी, तिन्ही आपल्या भागातली. मी खूश होतो. यादी जाहीर केली आणि खोपोलीहून एका काकांचा निरोप आला. रेल्वेत लायनीवर काम करून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एवढंच: "तुम्ही दोन पाहुण्यांची आणि एका साहेबाची पुस्तकं सांगितलीत. घाट ज्यांनी फोडला, त्यांचं कुठाय?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. काम सुरू झालं १८५६मध्ये. जानेवारी १८६१मध्ये घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. त्याआधी जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला होता. पहिल्या कंत्राटदारानं, फॅव्हिएलनं, त्याच वर्षी काम सोडलं. नंतर आलेला ट्रेडवेल काही आठवड्यांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अॅलिसनं, कंत्राट पुढे चालवलं. अॅलिसचं नाव आपल्याला माहीत आहे. कॉलऱ्यानं घाटात मेलेल्या मजुरांची नावं माहीत नाहीत. ज्यानं लिहिलंच नाही, त्याचा कॉपीराइट कसला संपणार?

मग पुन्हा शोधायला बसलो. या वेळी "घाट" हा शब्द बाजूला ठेवला आणि "मजूर" धरला. तेव्हा हाताशी आले जोतीराव फुले. १८७३च्या 'गुलामगिरी'च्या शेवटी त्यांनी एक पवाडा जोडला आहे. सरकारी इंजिनिअर खात्यातल्या लबाडीवर. घाट सुरू होऊन दहाच वर्षं झाली होती. जोतीरावांनी स्वतः कंत्राटाची कामं केली होती, त्यामुळे हा कारभार त्यांनी जवळून पाहिलेला. ते वारले १८९०मध्ये, तेव्हा हक्कांचा प्रश्नच नाही.

हे घाटातल्या मजुराचं पुस्तक नव्हे, हे मी काकांनाही सांगितलं. पवाडा बोरघाटाबद्दल नाही आणि लिहिणारा बिगारी नाही. पण कामाकडे तो खालून वर बघतो, बाकीचे तिघे वरून खाली. म्हणून एप्रिलच्या यादीत आता चार नावं आहेत, आणि पवाडा पहिला ठेवलाय. आधी तो ऐका, मग बर्कली ऐका. बर्कली दगडाचा, चढणीचा, खर्चाचा हिशेब चोख मांडतात. पवाडा आधी ऐकला असेल, तर त्या हिशेबातली मजुरी कोणाच्या हातात पोचली, हा प्रश्न मनात येतोच.

माझ्यापुरता धडा असा: कायदा काय वाचायची मुभा आहे एवढंच सांगतो. मोकळ्या पुस्तकांचं कपाट मोठं आहे, पण ते भरलंय लिहिता येणाऱ्यांनी आणि छापायची ऐपत असणाऱ्यांनी. त्यामुळे यादी झाली की आता मी एक रकाना वाढवतो: यात कोण बोलत नाही?

मे महिन्यात १८५७. पुस्तक आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांचं, 'माझा प्रवास'. १९०७मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण मजकुरात बदल करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती निघाली ती १९६६मध्ये. वैद्य १९३८मध्ये गेले, पोतदार १९७९मध्ये. आता मोकळं कोणतं आणि खरं कोणतं, हे पुढच्या भागात.

आणि हो, तुमच्या घरात घाटातल्या कामाच्या आठवणी कोणी सांगत असेल, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुस्तक नाही झालं तरी चालेल, आवाज तरी राहील.