मिटणारा आकडा

आकडा हा मराठीतला मोठा राबणारा शब्द आहे. डॉक्टर रक्तातल्या साखरेचा आकडा विचारतात. हौशी माणसं मिशीला आकडा देतात, नशिबावर भिस्त असणारी मटक्याचा आकडा लावतात, आणि विजेच्या दराबाबत सरकारशी ज्यांचे तात्त्विक मतभेद आहेत अशी मंडळी रात्री खांबावरच्या तारेवर आकडा टाकतात. मी ज्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे तो आकडा या सगळ्यांपेक्षा गरीब. हातभर तार, खाली निसटू नये म्हणून लाकडाची किंवा पत्र्याची चकती, वरचं टोक वळवून सुईसारखं अणकुचीदार केलेलं. भिंतीतल्या खिळ्याला लटकवला आणि त्यात वाण्याचं बिल, लाइटचं बिल, घरपट्टीची पावती, मामाचं पोस्टकार्ड खुपसलं की संसाराची कचेरी सुरू. कुणी त्याला तार म्हणत, कुणी हूक म्हणत. आमच्याकडं आकडा.

इतिहासकारांनी या वस्तूची दखल घेतलेली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कारण इतिहासकार ज्या कागदांवर जगतात ते आधी कुणीतरी कशात तरी अडकवून ठेवलेले असतात. पेशव्यांच्या फडात कागद रुमालात बांधत. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, गाठोडं बांधायचा चौकोनी फडका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत आणि त्यांतले निवडक कागद छापायला रियासतकार सरदेसाईंना १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत ४५ खंड काढावे लागले. आमच्या नाशकात तर लिहून ठेवण्याची परंपरा फारच दांडगी. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या की तुमचे खापरपणजोबा कधी स्नानाला आले होते ते निघतं. पण वही झाली, रुमाल झाला, हे सगळं मोठ्या माणसांचं. वाण्याचं पावणेचार रुपयांचं बिल रुमालात कोण बांधणार?

आता गंमत बघा. कचेरीत जाणारा आमचा एक शेजारी घरातल्या या तारेला हसायचा. म्हणायचा, "अहो, फाईल करा, फाईल! हे काय गावठी?" त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की 'फाईल' म्हणजे मुळात तारच. लॅटिनमध्ये 'फिलम' म्हणजे दोरा. युरोपात जुन्या काळी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, म्हणून त्या ओवलेल्या कागदांना फाईल म्हणू लागले. पुढं दोरा गेला, पुठ्ठा आला, नाव तेच राहिलं. आणि आपणही काही कमी नाही. 'ग्रंथ' शब्दाच्या मुळाशी गुंफणं आणि बांधणंच आहे. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी घालत, तेव्हा कुठं ग्रंथ व्हायचा. म्हणजे भोक पडल्याशिवाय विद्येला सुद्धा गती नव्हती. आमच्या शेजाऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "असेल, पण साहेबाला आवडणार नाही." इथं वाद संपला.

साहेबाच्या देशात हा आकडा टेबलावरही असे. लोखंडी बैठकीवर उभा खिळा, त्यावर कागद खुपसायचे. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत नापसंत मजकूर संपादक त्याच खिळ्यावर खुपशीत. अमेरिकेत या खिळ्याला 'स्पिंडल' म्हणत. पुढं हिशेबाची यंत्रं आली, भोकं पाडलेली कार्डं आली, तेव्हा त्या कार्डांवर सूचना छापावी लागली: दुमडू नका, स्पिंडलवर खुपसू नका, फाडू नका. यंत्रानं स्वतः कार्डाला शंभर भोकं पाडलेली, पण तुम्ही आणखी एक पाडलंत तर यंत्र रागावणार. माणसांची भोकं आणि यंत्राची भोकं यांत तेव्हापासून फरक सुरू झाला.

त्याच देशातले व्यापारी आपल्या जाहिरातीची गोल चकती लावलेले आकडे गिऱ्हाइकांना फुकट वाटत. आकडा फुकट, त्यावर अडकवायची बिलं मात्र मागाहून येत. इतकी दूरदृष्टी आपल्या वाण्यांनी का दाखवली नाही, कळत नाही. ते कॅलेंडरवर थांबले.

पण भिंतीवरच्या आकड्याला एक खोड होती. त्याचं टोक. येताजाता शर्ट अडके, बोट फुटे, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा खर्च झाला की त्याचं बिलही त्याच आकड्यात जाई. यावर उपाय म्हणून मिटणारा आकडा निघाला. भिंतीला एक पट्टी, तिला बिजागरी, बिजागरीवर वळलेली दांडी. कागद घालायचा तेव्हा दांडी पुढं ओढायची, काम झालं की मिटायची; टोक पट्टीतल्या खाचेत जाऊन बसतं. कागद निसटत नाही, पोराच्या डोळ्यात जात नाही, आणि वारा सुटला तरी घरातला हिशेब गल्लीत जात नाही.

असा एक मिटणारा पितळी आकडा माझ्या आत्याच्या घरी, जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर होता. आतोबांनी तो कुणा साहेबाच्या टेबलामागं पाहिला, कागदावर चित्र काढलं आणि एका तांबटाकडून करून घेतला. नाशकात पितळेला तोटा नाही आणि तांबटांच्या हाताला तर नाहीच. मात्र तांबटाला भांड्यांची सवय, त्यामुळं आकडा इतका भक्कम झाला की त्यावर बिलांऐवजी घागर अडकवली असती तरी चाललं असतं.

आतोबा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. देशभर चालणारी टपालाची पहिली तिकिटं १८५४ साली कलकत्त्यात छापली गेली होती खरी, पण लगेच ते काम लंडनच्या डे ला रू कंपनीकडं गेलं आणि तिकडून इकडं तिकिटं बोटीनं येत राहिली, ती थेट १९२५ साली नाशिकरोडला सरकारी छापखाना निघेपर्यंत. १९२८ पासून शेजारीच नोटाही छापू लागले. पोस्टकार्डं, पाकिटं, रेव्हेन्यूची तिकिटं, म्हणजे हिंदुस्थानातल्या घराघरांतल्या आकड्यांना जे खाद्य लागतं ते बरंचसं आमच्या गावच्या वेशीवर तयार होत होतं. आणि त्या छापखान्यातला माणूस संध्याकाळी घरी आला की एक आण्याचं तिकीट आणायला पोस्टात रांगेत उभा राही. आत्याला याचं फार हसू येई. आतोबांना येत नसे. "हलवाई घरी लाडू विकत नेतो, तेव्हाच दुकान चालतं," असं ते म्हणत.

हे तिकीट लागायचं भाड्याच्या पावतीला. १८९९च्या स्टँप कायद्यानं वीस रुपयांच्या वरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लावायचं होतं. आत्याच्या दोन खोल्यांचं भाडं महिना साडेसात रुपये. म्हणजे तिकिटाची गरजच नाही. पण आत्या तीन महिन्यांचं एकदम देई. साडेबावीस झाले की वीसच्या वर गेले, तिकीट आलं, आणि तिकिटावर आडवी सही आली. बिनतिकिटाची पावती तिला बिनकुंकवाच्या लग्नपत्रिकेसारखी वाटायची.

वाडामालक पावती द्यायला कायम नाखूष. "वहिनी, आपलं नातं काय पावतीचं आहे का?"

"नाही ना. म्हणून तर म्हणते, ते राहू दे. पावती द्या."

यामागं कायदा होता. १९४७च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण धरलं. महागाई चढत गेली, डाळ चढली, गूळ चढला, साडेसात रुपये तिथंच बसून राहिले. मालकाच्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती, हे कबूल करायला हवं; चार भाडेकरूंच्या भाड्यात वाड्याची कौलंसुद्धा चाळून होत नसत. पण भाडेकरूला काढायचं तर कारण लागे, आणि सोपं कारण म्हणजे थकबाकी. सहा महिन्यांचं भाडं थकलं, नोटीस दिली, महिन्याभरात भरलं नाही, की जागा सोडा. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानं घेतलेल्या पैशाची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक होतं. म्हणून कायदा वाचलेले मालक काय करत? पैसेच घेत नसत! घेतलेच नाहीत तर पावती कसली? आणि सहा महिन्यांनी बोंब मारायला मोकळे.

१९६८च्या दिवाळीपासून आत्याच्या मालकांनी हेच सुरू केलं. तोवर आतोबा वारले होते. आत्या पैसे घेऊन वर जायची, मालक पूजेला बसलेले असायचे. इतकी पूजा त्या वाड्यात त्याआधी कधी झाली नव्हती. दोन खेपा झाल्यावर आत्यानं एकाच वाड्यात, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर मनिऑर्डर पाठवली. पोस्टमन जिना चढला, मालकांनी नाकारली, पोस्टमन जिना उतरला. 'घेण्यास नकार' असा शेरा, त्यावर पोस्टाचा शिक्का. आत्यानं आकडा उघडला, कागद ओवला, आकडा मिटला. पुढच्या महिन्यात पुन्हा.

मग १९६९च्या सप्टेंबरात गोदावरीला तो महापूर आला. नाशकात पूर फुटात मोजत नाहीत, दुतोंड्या मारुतीवर मोजतात: गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. त्या वर्षी मारुती दिसतच नव्हता. तळमजल्यात पाणी शिरलं. पलंगाखालची ट्रंक भिजली. तिच्यात आतोबांच्या नोकरीचे कागद, कुंडल्या, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, लग्नातला फोटो, जे जे जपून ठेवावं असं वाटलं ते सगळं होतं. त्याचा लगदा झाला. आणि जे कुणी जपायच्या लायकीचं समजत नव्हतं ते भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मिटलेल्या आकड्यात कोरडं राहिलं.

पाणी ओसरल्यावर दीड महिन्यानं नोटीस आली. वर्षाचं भाडं थकलं, जागा खाली करा. मालकांनीही पूर पाहिला होता, ट्रंकही पाहिली होती. आकडा काही त्यांच्या ध्यानात आला नाही.

कोर्टात आत्याच्या वकिलांनी सुट्या पावत्या मागितल्या, तेव्हा आत्यानं त्या काढून द्यायला साफ नकार दिला. "ओळ मोडेल," म्हणाली. शेवटी भिंतीवरून आकडाच उचकटला, पट्टीसकट, आणि तो आख्खा पिशवीतून कोर्टात गेला. आकड्याचं बळ त्या ओळीत असतं हे मला तेव्हा कळलं. वही पुन्हा लिहिता येते, फाईल फिरवता येते. तारेत जो कागद आधी आला तो खाली, मागून आला तो वर. मधला काढायचा तर वरचे सगळे काढावे लागतात. नवा घुसवायचा तर तेच. आणि इथं तर मनिऑर्डरच्या प्रत्येक पावतीच्या खाली-वर त्या-त्या महिन्याचं लाइटबिल, दूधवाल्याचा हिशेब, धोब्याची चिठ्ठी. न्यायाधीश एकेक कागद उलटत होते. आत्याच्या घरी श्रावणात किती दूध लागलं आणि परटानं कुठली उशीची खोळ हरवली हे नाशिकच्या कोर्टाच्या माहितीत आलं ते असं.

मालकांचे वकील म्हणाले, "बाई, या सगळ्या कागदांना भोकं आहेत."

"लढाईच्या दिवसांत सरकारनं पैशाला भोक पाडलं होतं, वकीलसाहेब. तुमच्याकडं कुणी तो नाकारला होता का?"

१९४३ सालापासून तांबं वाचवायला मधोमध भोक असलेला पैसा निघाला होता, तो न्यायाधीशांनाही आठवत असावा. ते हसले, असं आत्या सांगायची. तिच्या वकिलांच्या मते ते फक्त खोकले. जागा राहिली, एवढं खरं. आकडा मात्र निशाणी म्हणून कोर्टात अडकून पडला आणि तो परत मिळेपर्यंत आत्यानं बिलं स्वयंपाकघरातल्या खुंटीला सुतळीनं बांधली.

एक सांगायचं राहिलं. त्या आकड्यात सगळंच जात नसे. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की आत्या उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचायची, तिथंच फाडून टाकायची आणि मग आंघोळीला जायची. त्यामुळं त्या ओळीत बारशी आहेत, मुंजी आहेत, कुंकवाचं बोट लावलेल्या लग्नपत्रिका आहेत, मरण एकही नाही. आतोबा गेले ते सुद्धा तुम्हाला त्यात सापडणार नाही. अमुक महिन्यापासून दाढीच्या पात्यांचं बिल येईनासं झालं, एवढंच दिसतं.

१९४७चा कायदा गेला, २००० साली नवा आला. मनिऑर्डर आणून देणारा पोस्टमन क्वचितच दिसू लागला, २०१३ साली तारही गेली. वाडा पाडून इमारत झाली. आत्या गेल्यावर तिच्या सुनेनं विचारलं, "हे पितळेचं मोडीत घालू का?" म्हणून आकडा माझ्याकडं आला. हल्लीच्या बिलांचं त्याच्यात फारसं जमत नाही. दुकानातला तो गुळगुळीत उष्णतेवर छापलेला कागद अडकवला की वर्षभरात पुसट होत होत कोरा होतो. भोक तेवढं शाबूत. पण मी अडकवतो.

तो बसवायला नव्या फ्लॅटच्या भिंतीत खिळा जाईना. काँक्रीट. ड्रिल मशीनवाला बोलावला. त्यानं दोन मिनिटांत चार भोकं पाडली, आकडा पक्का केला, उघडून-मिटून पाहिला आणि म्हणाला, "काय भारी माल आहे काका! तीनशे रुपये."

मी म्हटलं, "पावती?"

तो म्हणाला, "फोनवर येईल ना."