इनामगावचं जुनं खातं

मी बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध थकबाकीदारांच्या इतिहासापुरता. तेव्हा शिरूर तालुक्यातल्या इनामगावला मी गेलो तो सहकाऱ्याच्या भाच्याच्या लग्नाला, जेवणावर नजर ठेवून. पण मुहूर्त लांबला आणि शेजारचे पटकेवाले आजोबा म्हणाले, "चला सायेब, आमचं जुनं गाव दावतो."

जुनं म्हणजे किती, तर सुमारे इसवी सनापूर्वी 1600 ते 700! घोड नदीकाठच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन केलं आणि शंभरावर घरं उजेडात आणली. मधोमध एक पाच खोल्यांचं घर, लगत धान्याचं कोठार. माझा ऊर भरून आला. अहो, ही तर शाखाच! शेताला पाणी द्यायला पाटसुद्धा काढलेला.

मयत माणसाला हे लोक घरातच जमिनीखाली पुरत, तेही घोट्याखाली पाय तोडून. त्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. फक्त त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक गृहस्थ मांडी घालून बसवलेले सापडले, पाय शाबूत! मॅनेजरला नियम लागू नसतात, हे तेव्हापासूनचं आहे तर.

पुढे पाऊसमान घटलं, शेती पिकेना. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा गुरं नि शिकार यांवर भिस्त आली. शेवटी सुमारे इसवी सनापूर्वी 700 मध्ये गाव उठलं. खातं बंद.

"सायेब, तुमचं गाव कोन्चं?" आजोबांनी मधेच विचारलं.

मी नाव सांगितलं.

"घर हाय तितं?"

"आहे म्हणजे... भिंती आहेत. वडील नोकरीसाठी पुण्याला आले, तेव्हापासून कुलूप आहे."

आजोबा टेकाडाकडे बघत म्हणाले, "मेल्याली मानसं कुटं जात्यात, सायेब? त्यांचं पाय उगाच तोडलं. गाव सोडत्यात ती जित्तीच."

तेवढ्यात लग्नाचा बँड वाजला आणि मी सुटलो. जिलबी उत्तम होती, पण दुसऱ्यांदा मागितली नाही. परतीच्या एस्टीत मी उगाचच बुटातली बोटं हलवून पाहिली.

दोन्ही पाय शाबूत होते.