खरी कमाई : हायस्कुलातल्या गाईड कंपनीचं एक वर्ष

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली इथल्या जुन्या हायस्कुलांचे वार्षिक अंक मी वीसएक वर्षं जमवते आहे. रद्दीवाले, निवृत्त शिक्षकांच्या घरचे माळे, वाचनालयांचे कोपरे, जिथून मिळतील तिथून. मी इतिहासाची पदवीधर नाही. बँकेत कारकुनी केली आणि रविवारी हे. या अंकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्काऊट पथकाचा पानभर वृत्तान्त आणि फोटो, त्याखाली दोन ओळी : 'गाईड कंपनीचेही कार्यक्रम उत्साहात झाले.' कोणते कार्यक्रम? मी स्वतः १९८२ साली डोंबिवलीत आठवीत गाईड होते, म्हणून ती 'ही' मला फार टोचते.

'ही' आजची नाही. ४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून गणवेश घालून तिथे पोचल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळी संघटना निघाली, ती गर्ल गाईड्स. आपल्याकडे पहिली कंपनी १९११ मध्ये जबलपूरला निघाली, तीही युरोपियन मुलींसाठी. हिंदी मुलींना दार नंतर उघडलं. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या स्काऊट संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या आणि 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' हे नाव आलं. गर्ल गाईड्स असोसिएशन मात्र त्यात रीतसर आली १५ ऑगस्ट १९५१ ला. म्हणजे नऊ महिने आणि आठ दिवसांनी. आम्ही दर वर्षी ७ नोव्हेंबरला ध्वजदिनाची चिकटपत्रं घरोघर विकत होतो. ती तारीख आमच्या संघटनेच्या आधीची आहे, हे मला चाळिशीनंतर कळलं!

आमचं वर्ष जूनमध्ये सुरू होई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पटांगणाच्या एका कडेला आम्ही जमायचो, मधली जागा अर्थातच मुलांच्या कवायतीला. त्यांचे संघ वाघ, सिंह वगैरे. आमचे गुलाब, कमळ, जाई. मी कमळ. तीन बोटांची सलामी, डाव्या हाताचं हस्तांदोलन, दोरीच्या गाठी, बँडेज, पावसाळ्यात वचनविधी, १५ ऑगस्टचं संचलन. हे सगळीकडे सारखंच असे, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखी आहे ती 'खरी कमाई'. शाळेतून एक कार्ड मिळायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन काम मागायचं, पैसे घ्यायचे, त्यांची सही घ्यायची आणि रक्कम शाळेत भरायची. माझं कार्ड आईनं लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीतल्या काही नोंदी अशा : गहू निवडणे ५० पैसे. पितळेची भांडी घासणे १ रुपया. रॉकेलच्या रांगेत उभे राहणे १ रुपया. बाळाला सांभाळणे ७५ पैसे. एकूण ११ रुपये २५ पैसे.

या नोंदींतलं एकही काम मी घरी करत नव्हते असं नाही. रॉकेलच्या रांगेत तर मी दर महिन्याला असायचे. फरक इतकाच, की या वेळी कामाला दर लागला आणि सही झाली. वर्गातल्या मुलांनी त्याच सुट्टीत बूटपॉलिश केलं, सायकली पुसल्या. त्यांना नवी कामं मिळाली, आम्हाला जुनीच. शेजारच्या काकूंनी भांड्यांचा रुपया माझ्या हातावर ठेवला आणि हसून म्हणाल्या, "आम्हाला गं कोण देतं?" मी तेव्हा नुसती हसले. बायकांच्या बिनपगारी कामावर पुढे बरंच वाचलं, पण माझं पहिलं पुस्तक ते कार्डच.

डिसेंबरात शिबिर. टिटवाळ्याजवळ दोन रात्री. डोंबिवलीच्या चाळीतल्या मुलीला नातेवाइकांशिवाय घराबाहेर झोपायचा प्रसंग एरवी लग्नापर्यंत येत नसे. आजीचा विरोध होता. तंबू, शेकोटी, चुलीवरची करपलेली खिचडी. रात्री पाळीपाळीनं पहारा. दीड तास मी आणि आणखी एक मुलगी, दोघीच जाग्या. आम्ही कशाचं रक्षण करत होतो कोण जाणे, पण ती रात्र आमच्या ताब्यात होती.

वर्ष संपायचं २२ फेब्रुवारीला, चिंतनदिनाला. बेडन-पॉवेल पती-पत्नी दोघांचाही हा जन्मदिवस. १९२६ पासून जगभरच्या गाईड तो पाळतात आणि १९३२ पासून त्या दिवशी एकमेकींसाठी छोटी वर्गणीही काढतात. आम्ही पंचवीस-पंचवीस पैसे दिले होते. ज्या संघटनेची चार जागतिक केंद्रं तेव्हा होती, त्यातलं चौथं, 'संगम', १६ ऑक्टोबर १९६६ ला खुद्द लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते पुण्यात सुरू झालं होतं. कल्याणहून गाडीनं काही तासांवर! आमच्या बाईंनी ते सांगितलं असेल, मला आठवत नाही. आम्हाला जग टिटवाळ्यापर्यंतच माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी एका शाळेत गाईड कंपनीची दैनंदिनी पाहायला मागितली. स्काऊटांची दप्तरं, ढाली, चषक कपाटात होते. गाईडांच्या वह्या इमारत नवी बांधताना रद्दीत गेल्या होत्या. सांगणाऱ्या शिपाईमामांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं असावं. तेव्हापासून मी शाळांऐवजी घरांत शोधते. बायकांच्या शिवणाच्या डब्यात, साड्यांच्या घड्यांत स्कार्फ सापडतात, शिट्टीची दोरी सापडते, कार्डं सापडतात. आतापर्यंत सात कार्डं मिळाली. सातांपैकी सहांवर भांडी आहेत.

माझ्या कार्डाला शिबिराची परवानगीची चिठ्ठी टाचलेली आहे. प्रगतिपुस्तकावर नेहमी बाबांची सही असे. या चिठ्ठीवर आईची आहे, निळ्या शाईत, जपून काढलेली. खाली तिनं एक ओळ जोडली आहे : 'हिला सर्दी लवकर होते, थंड पाण्याने आंघोळ करू देऊ नये.'