निदान आणि औषध

शास्त्राच्या इतिहासांत एकाच व्यक्तीनें प्रश्न अचूक ओळखावा आणि तिचें उत्तर मात्र कसोटीस उतरूं नये, असे प्रसंग थोडे नाहींत. इंग्लंडमधील डॉ. कॅथरिना डाल्टन (१९१६–२००४) यांचें चरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

मासिक पाळीपूर्वीं कित्येक स्त्रियांना जाणवणारी अस्वस्थता, सूज व खिन्नता यांचें वर्णन न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट फ्रँक यांनीं १९३१ सालींच केलें होतें. तरीहि पुष्कळ डॉक्टर तिकडे बायकी कुरकुर म्हणूनच पाहत. डाल्टनबाई प्रथम पायांच्या विकारांवर उपचार करीत. पति महायुद्धांत कामीं आल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या व १९४८ सालीं डॉक्टर झाल्या. पाळीपूर्वीं हटकून उठणारी आपली अर्धशिशी गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत नाहींशी होते, हें त्यांच्या ध्यानीं आलें. १९३३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेंत गेलेले डॉ. रेमंड ग्रीन यांच्याशीं त्यांनीं चर्चा केली. गरोदरपणीं प्रोजेस्टेरॉन हें हॉर्मोन विपुल असतें, पाळीपूर्वीं तें ओसरतें; तेव्हां त्याची उणीव हेंच दुखण्याचें मूळ, असें अनुमान निघालें. १९५३ सालीं दोघांनीं ८४ रुग्णांची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केली.

बाईंचें खरें साधन म्हणजे एक साधा तक्ता. दुखण्याच्या तारखा आणि पाळीच्या तारखा त्यांत शेजारीं शेजारीं मांडावयाच्या. हीच पद्धत घेऊन त्या तुरुंगापर्यंत गेल्या. नुकतीच शिक्षा झालेल्या १५६ स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांचे गुन्हे पाळीच्या आधींचे चार व पाळीचे पहिले चार अशा आठ दिवसांत घडले होते, असें त्यांनीं १९६१ सालीं दाखविलें. अठ्ठावीस दिवसांत आठ, या हिशेबानें हें प्रमाण शेंकडा २९ च्या आसपास असावयास हवें होतें. १९८० व १९८१ सालीं त्यांची साक्ष इंग्लंडच्या न्यायालयांत आरोपी स्त्रियांच्या उपयोगीं पडली.

पण येथेंच पेंच उभा राहिला. महिन्यांतील कांहीं दिवस स्त्री स्वतःच्या कृत्यास पूर्ण जबाबदार नाहीं असें ठरलें, तर तिला जबाबदारीचें काम तरी कोण देणार? हा आक्षेप स्त्रीस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनींच घेतला, आणि तो रास्त होता. शिवाय ज्या प्रोजेस्टेरॉनवर बाईंची अढळ श्रद्धा होती, त्याचा गुण तुलनात्मक चांचण्यांत नीट सिद्ध झाला नाहीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत बीजकोशाचें कार्य औषधानें थांबवून नेहमींच्या प्रमाणांत हॉर्मोनें दिलीं, तेव्हां पूर्वीं त्रास होणाऱ्या स्त्रियांनाच तो पुन्हां झाला. इतरांना झाला नाहीं. म्हणजे दोष हॉर्मोनच्या उणिवेंत नसून शरीराच्या प्रतिसादांत होता.

तरीहि या विकाराचें निदान करतांना आज डॉक्टर रोग्याला निदान दोन पाळ्यांची दैनंदिन नोंद ठेवावयास सांगतात. बाईंचें औषध मागें पडलें. परंतु स्त्रीची तक्रार खोटी न मानतां तारखेनिशीं लिहून घ्यावी, ही त्यांची शिकवण टिकली आहे.