विश्रांतीची मागणी आणि आजारपणाचा 'खाडा' : मुंबईच्या गिरण्यांतील एक प्रकरण

कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा व आजारपणाच्या रजा घटाव्यात, या हेतूने अलीकडे अनेक आस्थापनांत ध्यानवर्ग, समुपदेशन आणि योगाभ्यास यांची योजना केली जाते. कामाचे तास, पाळ्या आणि माणसांची संख्या मात्र बहुधा आहे तशीच राहते. ताणाचे मूळ कामगाराच्या मनात शोधावे की कामाच्या रचनेत, हा वाद नवा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यावरील आपले मत १८८४ मध्येच लेखी नोंदविले होते.

त्या वेळी १८८१ चा कारखाना कायदा अस्तित्वात होता. परंतु त्याचे संरक्षण केवळ बालकामगारांपुरते होते. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामास सूर्योदय आणि सूर्यास्त याखेरीज मर्यादा नव्हती. मुंबई सरकारने कारखाना आयोग नेमला, तेव्हा 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवण्यात आले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेस मर्यादा आणि वेतन वेळेवर, अशा मागण्या त्यात होत्या. शेवटची मागणी विशेष लक्षणीय आहे : कामावर गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. विश्रांती आणि शरीराची हानी हे विषय या कामगारांनी एकाच कागदावर मांडले, हे आमच्या मते या निवेदनाचे खरे महत्त्व होय.

साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने दुपारच्या अर्ध्या तासासही मान्यता दिली. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली.

कायद्याने न दिलेली विश्रांती कामगार 'खाडा' करून घेत असे. हजेरीपटावरील या खाड्याचा अर्थ मालकवर्ग आळस, बेशिस्त किंवा गावाची ओढ असा लावी. गावाची ओढ होतीच. परंतु कोकणातील वा साताऱ्याकडील घर हेच अनेकांचे आजारपणातील आश्रयस्थान होते. १९३१ च्या शाही मजूर आयोगानेही गावाशी असलेला हा संबंध दोष न मानता उपयुक्त ठरविला. परतल्यावर काम मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. त्याच्या लाचखोरीची चर्चाही त्याच आयोगाने केली आहे.

गैरहजेरीवर मालकांनी शोधलेला उपाय म्हणजे बदली कामगार. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक लोकांना बदलीची कार्डे दिली जात; त्यांनी रोज सकाळी गिरणीवर हजर राहावयाचे आणि कोणाचा खाडा पडला तर काम घ्यावयाचे. जॉबरचा अधिकार त्यामुळे काहीसा आटोक्यात आला. पण एकाचा थकवा ही दुसऱ्याची रोजी व्हावी, अशी ही व्यवस्था होती. साचे रिकामे राहिले नाहीत. माणूस का थकतो, हा प्रश्न विचारण्याचे कारणही मग उरले नाही.

प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने आठवड्यास ४८ तासांची मर्यादा आणि, बारा महिने सलग सेवा झालेल्यास, दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा ठरविली. १८८४ च्या निवेदनातील एकत्र विषय अशा रीतीने दोन कायद्यांत वाटले गेले. विश्रांती कारखाना निरीक्षकाकडे गेली आणि आजारपण विमा डॉक्टरकडे.

विमा कायद्यातील एक तरतूद या संदर्भात बोलकी आहे. आजारपणाचा रोख लाभ पहिल्या दोन दिवसांसाठी मिळत नसे; आधीचे आजारपण संपून पंधरा दिवसांहून अधिक काळ लोटला नसेल, तरच त्यास अपवाद होता. ढोंगास आळा घालणे हा विम्यातील अशा प्रतीक्षाकाळाचा नेहमीचा हेतू. गिरणीतला खाडा मात्र बहुधा एका-दोन दिवसांचाच असे.