डोंगरावरील बिऱ्हाड

डोंगराची ओढ ही मनुष्याच्या मनांतील फार जुनी ओढ आहे. परंतु डोंगर पाहावयास जाणें आणि डोंगरावर बिऱ्हाड करणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस चार दिवसांची शिदोरी पुरते. दुसरींत रोजचें पाणी, धान्य, सरपण, औषधपाणी, मुलांची शाळा आणि सांडपाण्याची वाट या सर्वांचा हिशेब येतो. अलीकडे आमच्या सुशिक्षित तरुणांत गड चढण्याचा व रानांत हिंडण्याचा नाद वाढला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. या नादांतूनच पुढें असा विचार उद्भवतो, कीं शहर सोडून एखाद्या गिरिनगरांत कायमचेंच राहावयास कां जाऊं नये? प्रश्न वरवर पाहतां खासगी दिसतो. पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास डोंगरमाथ्यावर बसून वाचण्यापेक्षां खालच्या मैदानांतून, म्हणजे शिरूर व दौंड या तालुक्यांतून, वाचला असतां अधिक स्पष्ट दिसतो, असें आम्हांस वाटतें.

हे दोन्ही तालुके पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागीं, सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंत येतात. महाबळेश्वरास सालीना दोनशें इंचांहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो. दौंडकडे वीस इंच पडला तरी शेतकरी वर्ष बरें गेलें असें म्हणतो. असें असूनहि या कोरड्या मुलखाचा जीव डोंगरांतच आहे. शिरूर गांवास लोक अजून घोडनदी म्हणतात, आणि ही घोड नदी आंबेगांव तालुक्यांतील घाटमाथ्याकडून येते. दौंड ज्या भीमेच्या कांठीं वसलें आहे ती भीमा भीमाशंकराच्या रानांत उगम पावते. मुळा व मुठा पुण्यास एकत्र होतात आणि शिरूर-दौंडच्या सीमेवर रांजणगांव सांडसाजवळ भीमेस मिळतात. तेव्हां डोंगरावर कोण राहतो आणि कसा राहतो, ही गोष्ट या मैदानास परकी नाहीं.

डोंगरावर बिऱ्हाड नेण्याचें आमच्या इतिहासांतील सर्वांत थोर उदाहरण शिवाजी महाराजांचें आहे. शहाजीराजांची जहागीर पुणें, सुपें, इंदापूर अशी बहुतेक सपाट मुलखाची. परंतु महाराजांनीं आपलें ठाणें प्रथम राजगडावर व पुढें रायगडावर नेलें, आणि १६७४ सालीं राज्याभिषेकहि तेथेंच करविला. हें स्थलांतर हौसेचें नव्हतें, गरजेचें होतें. तरीहि त्यांत जो विवेक दिसतो तो हौशी माणसानेंहि शिकण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं जें आज्ञापत्र लिहिलें, त्यांत गड बांधण्यापूर्वीं प्रथम पाण्याचा विचार सांगितला आहे. पाणी नसेल व जागा सोडवत नसेल, तर खडक फोडून टांकीं करावींत, एका झऱ्यावर विसंबूं नये, आणि गडावरचें पाणी जपून वापरावें, असा त्याचा आशय आहे. झाडें तोडण्याविषयींहि तेथें असाच संयम सांगितला आहे. आधीं पाणी, मग घर, हा त्या काळचा क्रम होता.

दुसरी गोष्ट अशी, कीं गड कितीहि दुर्गम असला तरी तो एकटा कधींच नव्हता. मावळ्यांनीं गड राखले हें खरें. पण स्वराज्याची दौड ज्या घोड्यांवर झाली त्यांत भीमथडीच्या तट्टांचा लौकिक फार मोठा. भीमथडी म्हणजे भीमेच्या कांठचा प्रदेश, आणि आजचा दौंड तालुका त्यांतच येतो. काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारें, लांबचा पल्ला मारणारें हें जनावर मैदानानें डोंगरास पुरविलें. रायगडच्या हिरकणीची दंतकथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांतील मातेचें धैर्य आपण नेहमीं गातों. परंतु राजधानीचें दूध सुद्धां रोज खालच्या गांवाहून चढून येत असे, ही त्याच कथेंतील साधी गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं.

इंग्रजांचा प्रकार निराळा. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मुलखांत त्यांची जी तैनाती फौज राहिली, तिचें एक मुख्य ठाणें शिरूर होतें. या छावणीचे सेनापति कर्नल वॉलेस १८०९ सालीं येथेंच वारले. त्यांच्या थडग्यास आसपासचे लोक सत्पुरुषाचें स्थान मानीत व सुगीच्या वेळीं तेथें नव्या धान्याचा नैवेद्य नेत, असें पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. १८१७ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशीं कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगांवाकडे निघाली तीहि येथूनच. पुढें पुना हॉर्स या नांवानें प्रसिद्ध झालेलें घोडदळहि कित्येक वर्षें शिरूरास होतें. या सगळ्या काळांत शिरूरच्या साहेबानें मैदानाचा उन्हाळा मैदानावरच काढिला. कारण मुंबई इलाख्यांत हवा खाण्यासाठीं डोंगरावर वसविलेलें गांव तेव्हां मुळीं नव्हतेंच.

पेशवाई बुडाली, मुलूख शांत झाला आणि शिपायाचें लक्ष वर गेलें. साताऱ्याच्या लष्करांतील लॉडविक हे १८२४ सालीं महाबळेश्वराच्या पठारावर गेले आणि त्यांनीं तेथील हवेची वाखाणणी केली. ‘शोध’ हा शब्द आम्ही येथें मुद्दाम वापरीत नाहीं; कारण कृष्णेच्या उगमापाशीं शिवाचें प्राचीन मंदिर होतें, यात्रेकरू येत होते, आणि रानांत धनगरांची वस्ती होती. लवकरच साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनीं तेथें बंगली बांधली, छत्रपति प्रतापसिंहांनीं साताऱ्याहून वर जाण्यास उत्तम रस्ता करविला, आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं वाईकडील खंडाळें गांव देऊन तें ठिकाण छत्रपतींकडून मागून घेतलें. नव्या पेठेस माल्कमपेठ हें नांव पडलें. रस्ता राजाचा, मजुरी रयतेची, आणि नांव मात्र साहेबाचें, असा हा व्यवहार झाला.

माल्कमपेठेंतील वस्ती बारमाही नव्हती. उन्हाळ्यांत मुंबईचें सरकार वर जाई, पावसाळ्यांत तें पुण्यास उतरे, आणि थंडींत पुनः मुंबईस परते. म्हणजे ज्यांनीं डोंगरावरील बिऱ्हाडाची कल्पना रूढ केली, त्यांनीं डोंगराचा खरा ऋतु, म्हणजे पावसाळा, क्वचितच सोसला. तो सोसणारे दुसरेच होते. तेथील तुरुंगांत चिनी व मलायी कैदी ठेवीत असत. साहेबांच्या टेबलावरील बटाटे व विलायती भाज्या पिकविण्यांत त्यांचे श्रम होते. डोंगरावर कायमचे राहणारे पहिले नवे रहिवासी स्वेच्छेनें आलेले नव्हते, बेड्यांनीं आणलेले होते, ही गोष्ट या रम्य स्थळाच्या वर्णनांत सहसा आढळत नाहीं.

माथेरानचा मार्ग १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं दाखविला, आणि १९०७ सालीं नेरळाहून वर जाणारी छोटी आगगाडी सुरू झाली. पांचगणीची हकीकत याहून गोड आहे. जॉन चेसन नांवाच्या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें कायमचें घर केलें. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या गांवांच्या मधोमध ती वसाहत वाढली. चेसन यांनीं नाना जातींचीं झाडें आणून लाविलीं आणि शेवटीं त्यांचा देह त्याच मातींत विसांवला. पुढें डॉ. बिलिमोरिया यांनीं १९१२ सालीं तेथें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम काढिलें. हवेवरील प्रेमास अशी लोकोपयोगाची जोड मिळाली म्हणजे त्या प्रेमास कोणी नांवें ठेवूं शकत नाहीं. हंगामी पाहुणा आणि झाड लावून राहणारा शेजारी यांतील भेद चेसन यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो.

आतां पुनः मैदानाकडे वळूं. १८७६ च्या दुष्काळानें हा सर्व भाग होरपळला. त्याच दशकांत मुठेवर खडकवासल्याचें धरण उभें राहत होतें, आणि त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी पुढें दौंडच्या शेतांपर्यंत पोहोंचलें. आज त्या बाजूस जो ऊंस दिसतो त्याचें मूळ या डोंगरी पाण्यांत आहे. परंतु पुणें शहराची तहान जसजशी वाढते तसतशी कालव्याच्या टोंकावरील शेतकऱ्याची चिंताहि वाढते, आणि दौंड-इंदापूरकरांची ही तक्रार आतां फार जुनी झाली आहे. मुळशीचें पाणी तर विजेसाठीं पश्चिमेस कोंकणांत उतरविण्यांत आलें. त्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं जो सत्याग्रह सुरू झाला त्याचे पुढारी सेनापति बापट हे घोडनदीपलीकडील पारनेरचे, हेंहि येथें सांगण्याजोगें आहे.

आमच्या काळांत मोसे नदीच्या खोऱ्यांत, वरसगांवच्या जलाशयाकांठीं, लवासा नांवाचें नवें गिरिनगर उभारण्याचा मोठा उद्योग झाला. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें तेथील काम थांबविण्याची नोटीस काढिली. पुढील वर्षीं पहिल्या टप्प्यास अटींसह परवानगी मिळाली. आणि २०१८ सालीं त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कायद्याच्या बऱ्यावाईटांत आम्ही शिरत नाहीं. ज्या खोऱ्याचें पाणी खडकवासल्यास येतें आणि तेथून कालव्यानें दौंडकडे जातें, त्याच खोऱ्याच्या उतारावर शहर वसवितांना टोंकाच्या शेतकऱ्याचा विचार कोणाच्या हिशेबांत होता, एवढेंच आम्ही विचारतों. महाबळेश्वर-पांचगणीचा परिसर २००१ सालीं आणि माथेरानचा २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला, यावरूनहि हवा खाणाऱ्यांची गर्दी डोंगरास कितपत झेपली तें कळतें.

आणि डोंगराचा उतार कोणाची भीड धरीत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं घोडेच्या खोऱ्यांतील माळीण गांवावर कडा कोसळून दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तीं हौसेनें तेथें गेलेलीं नव्हतीं. पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच नांदत होतीं. ज्यांना पायाखालची माती वाडवडिलांपासून ठाऊक होती त्यांची ही गत, तर काल आलेल्या पाहुण्यानें किती जपून पाऊल टाकावें!

यावर कोणी म्हणेल, कीं डोंगर काय तेथें जन्मलेल्यांच्याच मालकीचे आहेत? आक्षेप रास्त आहे. मैदानांतल्या माणसास उंचीची ओढ लागूं नये असें म्हणणें दुष्टपणाचें होईल. उलट शिरूर-दौंडच्या उघड्या माळावर वाढलेल्या मुलास सह्याद्रीची कड दिसावी, तेथें त्यानें वारंवार जावें, असेंच आम्ही म्हणूं. परंतु गड-किल्ल्यांवर जन्मभर जीव लाविलेले गो. नी. दांडेकर राहिले ते तळेगांव दाभाड्यास, मावळाच्या उंबरठ्यावर. तेथून ते गडांवर पुनःपुनः गेले व पुनःपुनः खालीं उतरले. प्रेमासाठीं मालकी लागतेच असें नाहीं, हें त्यांच्या आयुष्यानें दाखविलें आहे.

ज्यांस वर राहावयास जाणेंच असेल त्यांनीं जावें. पण जातांना आज्ञापत्राचा क्रम पाळावा. आधीं पाणी पाहावें, आणि तें आपणांस पुरेल काय एवढेंच न पाहतां आपल्यानंतर खालीं कोणास पुरावयाचें आहे तेंहि पाहावें. तेथील जुन्या रहिवाशांस नोकर न समजतां शेजारी समजावें. एक पावसाळा पुरता काढल्यावांचून घराचा पाया घालूं नये. आपलें सांडपाणी ज्या ओढ्यांत सोडावयाचें तो ओढा कोणत्या नदीस मिळतो आणि ती नदी कोणत्या गांवावरून जाते, हें नकाशावर बोट ठेवून एकदां शोधावें. पुणें जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर घर असेल, तर भीमेच्या खोऱ्यांत पूर्वेस वाहणाऱ्या बहुतेक ओढ्यांवरून निघालेलें तें बोट अखेर शिरूर किंवा दौंड तालुक्याच्या शिवारावर येऊन थांबेल. आणि तेथील विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या माणसाशीं आपलें नातें जडलें आहे, हें त्या घरधन्यास घर बांधण्यापूर्वींच उमजेल.